अमेरिकेतली तऱ्हेवाईक गावं : तुमचे अनुभव सांगा

आईबाबा आलेत. नायगारा, न्यूयॉर्क उरकलं, मॉलला दोघंही कंटाळलेत. हातात अजून सहा आठवडे आहेत. जिथे काहीतरी भलतंच आहे अशी छोटी गावं सुचवा. सुरुवात मीच करते.

ग्रीन बँक, वेस्ट व्हर्जिनिया. भोवतालच्या 13 हजार चौरस मैलांत 1958 पासून रेडिओलहरींवर निर्बंध, कारण गावात 100 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. मोबाईलची रेंज बरीच आधी जाते, त्यामुळे नकाशा कागदावरच न्या. आम्ही नेला नव्हता. दुर्बिणीजवळ नेणारी बस डिझेलची. पेट्रोल इंजिनातल्या स्पार्क प्लगची ठिणगीसुद्धा तिथे गोंगाट ठरते. मान दुखेस्तोवर वर बघून झाल्यावर आमचे नारायणगावकर बाबा म्हणाले, "मोठी आहे, पण एकच! आपल्या खोडदला तीस आहेत."

– व्हिटियर, अलास्का! जवळजवळ अख्खं गाव एका चौदा मजली इमारतीत राहतं. मूळची लष्कराची, 1950 च्या दशकातली. पोस्ट, किराणा खालीच, पोरं भुयारातून शाळेत. गिरगावातली आमची चाळ उभी करून बर्फात ठेवल्यासारखी. रस्त्याने जायला अडीच मैलांचा एकच बोगदा, तोही एकपदरी, आणि आगगाडीही त्यातूनच. त्यामुळे गाड्या आलटून पालटून सोडतात. आमचं पाच मिनिटांनी हुकलं, मग चाळीस मिनिटं गाडीत बसून डिंकाचे लाडू संपवले. रात्री बोगदा बंद, तेव्हा परतीची वेळ आधी बघा.

– मुलं बरोबर असतील तर केसी, इलिनॉय. आय-70 महामार्गावरून जाता जाता तासभर पुरे. 55 फुटी विंडचाइम दोरी ओढून वाजवता येतो, अजस्र टपालपेटीत जिन्याने चढता येतं. आमचा पाच वर्षांचा बाहेर यायलाच तयार नव्हता, शेवटी फ्राइजची लाच दिली.

– आयोवातली महर्षी वैदिक सिटी. चहूकडे मका, आणि मध्येच पूर्वेला दारं असलेली घरं, छपरांवर सोनेरी कळस. 2001 सालचं गाव. सासूबाईंनी गाडीतूनच हात जोडले. बघण्यासारखं मात्र फार नाही, मुद्दाम जाऊ नका.

– व्हिटियरबद्दल एक राहिलं : बोगद्याचा टोल गावात जातानाच, परतताना नाही.

– धन्यवाद मंडळी! बाबांना वाचून दाखवलं. विचारताहेत, चौदा मजल्यांना लिफ्ट आहे ना?