बारावीला ८६ टक्के, सीईटीला ७१ पर्सेंटाइल. ड्रॉप (एक वर्ष थांबून परत सीईटी) घ्यावा का?

नमस्कार मंडळी. देवगडच्या भाचीसाठी विचारतोय. कॅपचा (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशफेरीचा) ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आलीय, जाणकारांनी जरा लवकर सांगा.

इंजिनिअरिंगची मेरिट लिस्ट सीईटीवर लागते. बारावीचे गुण पात्रतेपुरते (पीसीएमला, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सला ४५ टक्के, राखीव गटाला ४०), नाहीतर दोघांचं पर्सेंटाइल तंतोतंत सारखं आलं तरच. बारावीच्या निकालात कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं, २०२४ ला ९७.५१ टक्के, २०२५ ला ९६.७४. पेढे वाटून होतात, पण आमची पोरं सीईटीच्या यादीत कुठे असतात ते कोणी छापत नाही.

पोर हुशार आहे, पण हात बोर्डाला बसलेला. सूत्र लिहा, पायऱ्या दाखवा, उत्तराखाली दोन रेघा मारा. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत. घरी मॉक टेस्ट देताना शेजारी बसलो होतो. इंटिग्रेशनचं एक गणित पानभर, सुबक, बरोबर, आणि सहा मिनिटं खलास. चुकलं तरी गुण कापत नाहीत, तरी शेवटचे प्रश्न कोरे. म्हणे, "मामा, अंदाजाने टिक करणं बरं नाही वाटत." आता हिला काय बोलणार!

भावोजी म्हणतात, ड्रॉप घेऊन कोल्हापूरला क्लास लावू. ताईला ते मान्य नाही. मलाही नाही, पण माझ्या मताला पुरावा काही नाही. तुमच्या घरात कोणी ड्रॉप घेतला असेल तर पर्सेंटाइल खरंच वाढलं का?

दुसरं, रत्नागिरीचं शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज वर टाकू की लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ? पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम लागला की घ्यावाच लागतो, म्हणून धाकधूक. आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाला बारावीचे गुणही धरतात असं ऐकलंय, खरं का? सातबारा ताईच्या नावावर आहे, त्याचा तिथे काही उपयोग होतो का?

प्रतिसाद: दादा, कटऑफ बघून क्रम लावू नका, मनात आहे तसा लावा. वरचं नाही लागलं तर खालचं बघतातच, त्यात नुकसान नाही. फक्त एक नंबरला असंच कॉलेज टाका जिथे ती हसत जाईल. आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असून ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल तर २०२४-२५ पासून मुलींना शिक्षण शुल्क माफ आहे. पण कॅपमधून लागलं तरच, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलंत तर सगळी फी खिशातून. उत्पन्नाचा दाखला काढलाय ना?

धागाकर्ता: जुना आहे. उद्या सकाळीच सेतूत जातो, धन्यवाद. पण ड्रॉपचं कोणीच बोललं नाही अजून.