शाळा-भाजी-शाळा फिरणारी डिझेल एसयूव्ही आणि डीपीएफचा दिवा

कर्वेनगरी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०२१ सालची सात आसनी डिझेल एसयूव्ही आहे. पावणेदोन वर्षांपूर्वी ती पहिल्या मालकाकडून घेतली तेव्हा ३१,००० किलोमीटर धावलेली होती, आज आकडा ४४,००० च्या आसपास आहे. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि आई-वडील असल्यामुळे मोठी गाडी हवी होती, आणि डिझेलला ॲव्हरेज चांगले पडेल एवढाच हिशेब त्या वेळी डोक्यात होता. प्रत्यक्षात माझे काम घरूनच चालत असल्याने गाडीचा रोजचा प्रवास म्हणजे कर्वेनगरहून कोथरूडला शाळा, येताना भाजी आणि दुपारी पुन्हा शाळा. एकेक फेरी साडेतीन-चार किलोमीटरची, आणि त्यातलाही निम्मा वेळ सिग्नलला उभे राहण्यात जातो. गाडी लांब जाते ती महिना-दोन महिन्यांतून एकदा गावी.

बारा दिवसांपूर्वी सायलेन्सरच्या आकृतीत ठिपके दाखवणारा पिवळा दिवा लागला. गाडी नीट चालत होती, म्हणून मी दुर्लक्ष केले. परवापासून त्याच्या जोडीला इंजिनचा दिवाही लागला आहे आणि पिकअप पार गेला आहे. ॲक्सिलरेटर तळाशी दाबला तरी इंजिन मिनिटाला किती वेळा फिरते ते दाखवणारा काटा ३,००० च्या वर जात नाही, आणि चांदणी चौकाच्या चढावर मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. गेले काही महिने घरी आल्यावर गाडी बंद केली तरी पुढचा पंखा दोन-तीन मिनिटे चालू राहायचा, आताशा तोही राहत नाही.

सर्व्हिस सेंटरने सांगितले की डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर भरला आहे आणि तो बदलावा लागेल. खर्च लाखाच्या वर. ओळखीच्या गॅरेजवाल्याचे म्हणणे असे की तो फिल्टर आतून पोकळ करून देतो, सॉफ्टवेअर मारून दिवाही घालवतो, आणि पैसे सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही लागणार नाहीत. शेजाऱ्यांचा सल्ला आहे की गाडी जागेवर उभी करून अर्धा तास रेस करावी. वॉरंटी संपलेली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_फिटर

पंखा आधी चालू राहायचा आणि आताशा राहत नाही, हे तुम्ही ओघात लिहिले आहे, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नियम लागू झाले आणि डिझेल मोटारींना हा फिल्टर आला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. तिच्या नळ्या एकाआड एक टोकाला बुजवलेल्या असतात, त्यामुळे धुराला भिंतीतून पाझरून जावे लागते आणि काजळी मागे राहते. ही साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, त्याला रीजनरेशन म्हणतात. अडचण अशी की काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सियस तापमान लागते आणि शहरातल्या संथ वाहतुकीत सायलेन्सरकडे जाणारा धूर त्याच्या निम्म्यानेही तापत नाही. म्हणून ठरावीक काजळी जमली की इंजिन पॉवर स्ट्रोक ओसरत आल्यावर थोडे जादा डिझेल सोडते, ते फिल्टरच्या आधीच्या कॅटॅलिस्टमध्ये, म्हणजे धुरातले न जळलेले इंधन जाळणाऱ्या भागात, जळते आणि त्या उष्णतेने फिल्टर तापतो. हे काम पुरे व्हायला चालत्या गाडीत पंधरा-वीस मिनिटे लागतात. तुमची फेरी बारा मिनिटांत संपते, त्यातली पहिली सहा-सात मिनिटे इंजिन गरम होण्यातच जातात. म्हणजे गाडीने चूल पेटवायची आणि तुम्ही दारात पोहोचून तिच्यावर पाणी ओतायचे, असे महिनोन् महिने चालले आहे. गाडी बंद झाल्यावर फिरणारा पंखा हे बहुतेक वेळा त्या अर्धवट विझवलेल्या चुलीचेच लक्षण असते. आता पंखा फिरत नाही याचा अर्थ गाडीने प्रयत्न करणेच सोडले असावे.

फक्त पिवळा दिवा होता त्या दिवशी तुम्ही विचारले असते, तर वारज्याहून बायपासने किवळ्यापर्यंत जा आणि तिथून एक्सप्रेसवेने लोणावळ्याला जाऊन या, एवढेच सांगितले असते. वेग ऐंशीच्या आसपास, पण सहाव्या गिअरमध्ये नव्हे. चौथ्या-पाचव्यात ठेवून काटा २,००० ते २,५०० च्या दरम्यान राहील असा. टाकीत डिझेल रिझर्व्हच्या वर हवे, कारण डिझेल कमी असेल तर बऱ्याच गाड्या रीजनरेशन सुरूच करत नाहीत. आता मात्र इंजिनचा दिवा लागून ताकद कमी झाली आहे, तेव्हा हायवेला नेण्यात अर्थ नाही. जागेवर रेस करण्यात तर मुळीच नाही, कारण बिनभाराचे इंजिन कितीही ओरडले तरी धूर पुरेसा तापत नाही, उलट काजळीत भर पडते.

पहिले काम म्हणजे डिझेलचे काम जाणणाऱ्या माणसाकडून स्कॅनर लावून घेणे. दिवा पुसायला लावलेला स्कॅनर मी धरत नाही. काजळी किती, राख किती, फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक किती आणि शेवटचे पूर्ण रीजनरेशन किती किलोमीटरमागे झाले, हे चार आकडे कागदावर लिहून मागा. त्यातही काजळी आणि राख यांची गल्लत होऊ देऊ नका. ज्यांच्या घरी पाणी तापवायचा बंब होता त्यांना हे सांगावे लागणार नाही: काजळी पुन्हा पेट घेते, राख कितीही जाळली तरी राखच राहते आणि ती खरवडूनच काढावी लागते. फिल्टरमधली राख मुख्यतः इंजिन ऑईलमधल्या रसायनांची असते आणि ती फार सावकाश जमते. ४४,००० किलोमीटरला राखेने फिल्टर भरला असे कोणी म्हणाले, तर मी आधी आकडा दाखवा म्हणेन.

गंगापूर_रोड

जुना_फिटर यांच्याशी सहमत. एक गोष्ट मात्र त्यांनी लिहिली नाही, ती मी माझ्या अनुभवावरून सांगते, कारण आमच्याकडे फिल्टरपेक्षा इंजिनच जाण्याची वेळ आली होती.

नाशकात आमचीही गाडी अशीच शाळा आणि क्लासच्या फेऱ्यांवर चालायची. दर महिन्याला ऑईल बघायची सवय मला वडिलांपासून आहे. एका सकाळी डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी बघायची सळई, पुसून पुन्हा घातली आणि काढली, तर ऑईल वरच्या खुणेच्या जवळजवळ बोटभर वर. घरचे खूश झाले, की बघा, आपली गाडी ऑईल खात नाही, उलट वाढवते. मला ते पटेना. दोन बोटांत थेंब घेऊन चोळला तर चिकटपणाच नव्हता, आणि वास सरळ पेट्रोल पंपावरचा. रीजनरेशनसाठी सोडलेले जादा डिझेल प्रत्येक अर्धवट फेरीत सिलिंडरच्या भिंतीवरून घरंगळून खाली ऑईलमध्ये उतरत होते. असे पातळ झालेले ऑईल टर्बोचे आणि बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही, आणि पातळी फारच वाढली तर इंजिन तेच ऑईल ओढून जाळू लागते आणि किल्ली फिरवूनही बंद होत नाही, असे आमच्या मेकॅनिकने सांगितले तेव्हा मी गाडी तिथेच ठेवून रिक्षाने घरी आले.

तेव्हा कर्वेनगरी, उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर, आधी डिपस्टिक बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर गाडी चालवत कुठेही नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी उचलून न्या. ऑईल बदलताना मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचेच, म्हणजे डीपीएफसाठी असलेले कमी राखेचे ऑईल घाला. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मोठ्या पिंपातून सगळ्या डिझेल गाड्यांना एकच ऑईल घालतात, तिथे मी आता फक्त पंक्चर काढायला जाते. शहरातल्या वापरासाठी किलोमीटरची वाट न बघता सहा महिन्यांनी ऑईल बदलते आणि एक रविवार सोडून एक रविवार घोटीपर्यंत जाऊन येते. मुंबई-आग्रा महामार्गावर जाऊन-येऊन तासाभराचे सलग चालणे होते, आणि घोटीचे पोहे ही वरकड कमाई.

साधा_वाचक

पोकळ करण्याविषयी दोन ओळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि प्रदूषणाचा मापदंड मोडल्याची शिक्षा वेगळी आहे. शिवाय सॉफ्टवेअर मारल्यावर इंजिनला डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखे होते. उद्या इंजेक्टर बिघडून काजळी वाढली तरी कोणता दिवा लागणार नाही. आणि ज्या शाळेच्या दारात गाडी रोज उभी राहते तिथल्या मुलांच्या नाकातोंडात तीच काजळी जाणार आहे, त्यात तुमची दोन्हीही आली.

कर्वेनगरी

सर्वांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहितो आहे.

गंगापूर_रोड यांचा प्रतिसाद वाचून आधी डिपस्टिक पाहिली. ऑईल वरच्या खुणेच्या किंचित वर होते आणि डिझेलचा वास येत होता, म्हणून गाडी क्रेनने नेली. फक्त डिझेल इंजेक्शनचे काम करणाऱ्या एका लहान वर्कशॉपमध्ये चार आकडे लिहून मागितले, तेव्हा तिथले गृहस्थ हसले आणि म्हणाले, कोणी शिकवले? काजळी २९ ग्रॅम, राख नगण्य, आणि शेवटचे पूर्ण रीजनरेशन १,१०० किलोमीटरमागे, म्हणजे आम्ही गावी गेलो होतो तेव्हाचे. स्कॅनरवर आलेला बिघाडाचा कोड मात्र फिल्टरचा नसून दाब मोजणाऱ्या सेन्सरचा निघाला. फिल्टरपासून त्या सेन्सरकडे करंगळीएवढ्या जाडीच्या दोन रबरी नळ्या जातात, त्यातली एक क्लॅम्पच्या अगदी कडेला चिरली होती. चीर नखाएवढी, आणि वरून बघता दिसतही नव्हती. त्यांनी नळी वाकवून दाखवली तेव्हा तिने तोंड उघडले. दाबाचा आकडा भरवशाचा नाही म्हणून गाडीने रीजनरेशन करणेच थांबवले होते.

नळी बदलली, ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलला, आणि त्यानंतर स्कॅनरने हुकूम देऊन, म्हणजे नुसती रेस न करता जादा डिझेल सोडायला लावून, उभ्या गाडीत रीजनरेशन केले. त्यासाठी गाडी बाहेर मोकळ्या काँक्रीटवर लावली आणि सायलेन्सरच्या मागची पुठ्ठ्याची खोकी हलवायला लावली. पस्तीस मिनिटे काटा २,५०० वर स्थिर होता आणि इस्त्री फार तापली की येतो तसा वास सुटला होता. शेवटी काजळी ३ ग्रॅम. ऑईल धरून एकूण खर्च सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाहून थोडा जास्त झाला, म्हणजे फिल्टर पोकळ करून घेण्यापेक्षा महाग, पण फिल्टर शाबूत आहे.

आता एक शंका. गाडी बहुतेक वेळा माझी पत्नी चालवते. रीजनरेशन चालू आहे हे तिला कसे कळावे? आमच्या गाडीत तसा दिवा नाही; दिवा लागतो तो थेट काजळी जास्त झाल्यावरच.

जुना_फिटर

नळीवर निभावले, छान झाले. सर्व्हिस सेंटरने कोड वाचला नसेल असे नाही, पण सुटा भाग उघडून बघण्यापेक्षा आख्खा भाग बदलणे त्यांच्या हिशेबाला सोपे जाते.

वहिनींना तीन-चार गोष्टी लक्षात ठेवायला सांगा. सिग्नलला उभे असताना काटा एरवी ८०० च्या जवळ असेल, तो हजाराच्या आसपास राहू लागतो. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर ती बंद होईनाशी होते. पंखा जोरात फिरतो, इंजिनचा आवाज किंचित घोगरा होतो आणि पडद्यावरचे ॲव्हरेज एकदम खाली येते. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की घराच्या दारात गाडी बंद न करता वारज्याच्या बाजूने बायपासवर एक वळसा घालून काटा खाली येईपर्यंत चालवावी. एखाद वेळी जमले नाही तर जीवाला लावून घेऊ नये. गाडी पुढच्या फेरीत पुन्हा प्रयत्न करते. सलग तीन-चार वेळा मोडले तरच काळजीचे कारण. अशा वेळी सायलेन्सर नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त तापलेला असतो, म्हणून गावी गेल्यावर वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी उभी करू नका. दिवाळीनंतर बांधावरचे गवत पेटायला एवढेही पुरते.

आणि डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवा. रीजनरेशन लक्षात आले की त्या दिवशीचे किलोमीटर टिपून ठेवायचे. दोन नोंदींमधले अंतर गाडीगणिक आणि वापरागणिक वेगळे असते, तुमच्या गाडीचे किती ते दोन-तीन महिन्यांत कळेल. ते अंतर पुढे कधी एकदम निम्म्यावर आले, तर फिल्टरकडे न बघता आधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इंजेक्टर तपासून घ्या, कारण काजळी तिथे वाढते, फिल्टर फक्त ती साठवतो.