बेंगळुरू ते कुडाळ, गणपतीला चार विमानतिकिटं: स्वस्तात कशी काढावीत?

पिंगुळीची सून

नमस्कार. आम्ही बेंगळुरूला इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो, घरचा गणपती कुडाळजवळ पिंगुळीला. यंदा चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. जाणारे चौघं: मी, नवरा, सहा वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. गुडघ्यांमुळे त्यांना रात्रभर बसमध्ये बसवत नाही. दोन वर्षं त्या घरच्या गणपतीला गेलेल्या नाहीत, यंदा मला त्यांना न्यायचंच आहे.

शुक्रवारी ११ तारखेचं संध्याकाळचं गोव्याचं विमान पाहिलं, माणशी ८,९०० रुपये. दोन दिवसांनी तेच ९,४००. एका साइटवर ८,२०० दिसलं म्हणून आनंदाने सगळ्यांची नावं भरली, तर पैसे भरायच्या पानावर ९,०००च्या वर गेलं. थांबू की घेऊन टाकू? ब्राउझरच्या इन्कॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीत शोधलं की भाडं उतरतं असं मैत्रीण म्हणते, ते खरं आहे का?

हेब्बाळकर

इन्कॉग्निटोने काही फरक पडत नाही. मी आणि बायकोने दोन फोनवर एकाच वेळी शोधून पाहिलंय, भाडं तेच. गणपतीच्या आदल्या शुक्रवारचं भाडं उतरेल म्हणून थांबू नका. यशवंतपूर-वास्को रेल्वेही बघून ठेवा, आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सासूबाईंना खालचा बर्थ मिळाला तर आडवं होऊन येता येईल.

आंबोली घाट

ताई, मी अकरा वर्षं बेंगळुरूहून सावंतवाडीला गणपतीला जातोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी विमानतळ. तुम्ही नुसतं 'गोवा' शोधलं असेल, पण गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी दक्षिणेला (कोड जीओआय) आणि मोपा उत्तरेला पेडण्यात (जीओएक्स). मोपावरून २०२३च्या जानेवारीत विमानं सुरू झाली आणि आम्हा सिंधुदुर्गवाल्यांचा प्रवासच बदलला. तिथून बांद्यावरून कुडाळ तासाभराचं. दाबोळीहून जुवारी, मांडवी ओलांडत, पणजी-म्हापशाची गर्दी काढत निघायचं म्हणजे त्याच्या दुप्पट वेळ आणि टॅक्सीचं भाडंही त्याच मानाने. गेल्या वर्षी दाबोळीचं तिकीट मला माणशी ४५० रुपयांनी स्वस्त मिळत होतं. आम्ही तिघं. वाचणारे १,३५० टॅक्सीतच गेले असते, वर आईचा वेळ. म्हणून मी भाडं नेहमी घराच्या दारापासून दारापर्यंत मोजतो. तुमच्याकडूनही देवनहळ्ळीचा बेंगळुरू विमानतळ ५० किलोमीटरच्या वर आहे. पहाटे पाचचं विमान हजार रुपयांनी स्वस्त दिसलं, तरी रात्री दोनला टॅक्सी काढायची की विमानतळाची वायु वज्र बस मिळेल, तेही त्यात धरा.

बेळगावलाही बेंगळुरूहून विमान आहे. पण पुढे आंबोली घाट, आणि सप्टेंबरात तिथे पाऊस आणि धुकं असतं. सासूबाईंसाठी मी तो मार्ग निवडणार नाही.

आता वार. शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ सगळ्यांनाच हवी असते. मुलाची दोन दिवस शाळा बुडवता आली तर गुरुवारी १० तारखेला निघा. गूगल फ्लाइट्सवर तारखेवर टिचकी मारली की महिनाभराची भाडी कॅलेंडरमध्ये दिसतात, स्कायस्कॅनरवरही अख्खा महिना बघता येतो. हव्या त्या विमानावर भाव-सूचना लावा, बदल झाला की मेल येते. तिकीट मात्र मी कंपनीच्या स्वतःच्या साइटवरच काढतो. तुलनेच्या साइटवर सुरुवातीला दिसणारं भाडं बऱ्याचदा सुविधा शुल्क धरत नाही, मध्येच विमा नाहीतर जागेचे पैसेही जोडलेले असतात. दोन्हीकडे शेवटच्या पानावरचा आकडा लिहून घ्या आणि मगच तुलना करा. बँकेच्या कार्डावरची सवलत शेवटच्याच पानावर कळते, तेव्हा कधी कधी दुसरी साइट खरंच स्वस्त पडते.

आता चार तिकिटांबद्दल, हे फारसं कुणी सांगत नाही. विमानातल्या जागा वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत विकल्या जातात. सगळ्यात स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर चौघांनाही वरच्या गटाचं भाडं लागतं. म्हणून आधी एकासाठी शोधा, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. माणशी भाडं बदललं तर दोन-दोन काढा. मुलगा मात्र आई किंवा बाबांच्याच तिकिटावर ठेवा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एका पालकाशेजारी जागा द्यावी असं विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४मध्ये कंपन्यांना सांगितलंय, पण त्यासाठी दोघं एकाच पीएनआरवर हवेत.

घाई झाली तरी घाबरू नका. कंपनीच्या साइटवर काढलेलं तिकीट, प्रवासाला आठवड्याहून जास्त अवकाश असेल तर, किमान २४ तासांत शुल्काशिवाय रद्द करता येतं. नावातली चूकही तेवढ्या वेळात फुकट दुरुस्त होते. सासूबाईंचं नाव आधारवर आहे तसंच लिहा. माझ्या आईच्या तिकिटावर माहेरचं नाव पडलं होतं. दुसऱ्या साइटवरून काढलेलं, दुरुस्तीला चार दिवस फोन करावे लागले. आणि तिकीट रद्द झालंच, तर 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं, ते मागून घ्या.

बांद्याचो

मोपाच बरा. माझी बहीण गेल्या वर्षी थयसूनच इली. गाडी मात्र कुडाळातली ओळखीची सांगून ठेवा, आयत्या वेळी टॅक्सी म्हाग पडता. सासूबाईंका व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा.

पिंगुळीची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून केलं. गुरुवार १० तारीख, सकाळचं मोपा. चौघांना एकत्र शोधलं तर माणशी ६,१००, दोघांना ५,३००. मी आणि मुलगा ५,३००त, नवरा आणि सासूबाई ६,१००त. शुक्रवारच्या भावाने एका बाजूचेच ३७,६०० गेले असते, आता २२,८०० झाले. व्हीलचेअर मागितली आहे. पिंगुळीला दिरांना फोन केला, ते गाडी घेऊन मोपाला येतील.

परतीचं राहिलंय. रविवार महाग आहे, मंगळवारची सूचना लावून ठेवलीय. सासूबाई म्हणतात, अनंत चतुर्दशीपर्यंत मी इथेच राहते, माझं परतीचं काढू नका. आंबोली घाट दादा, त्यांचं एकटीचं तिकीट नंतर काढलं तर काही अडचण येते का?

आंबोली घाट

काही अडचण नाही. एकटीचं असेल तर व्हीलचेअरची नोंद त्या तिकिटावर वेगळी करा, आणि मोपाला दिरांना सोबत टर्मिनलच्या दारापर्यंत जाऊ द्या. अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवस सोडून बघा.