सामोआतली चर्चं, पाकिटं आणि आपला फुकटचा कळवळा

रात्रपाळी_ऑकलंड
परवा इथे एकाने पॅसिफिकमधल्या सामोआ या बेटांच्या देशाबद्दल लिहिलं: "सामोआत दर रविवारी कुणी किती दिले ते नावानिशी वाचतात. पोरं परदेशात राबून पैसे पाठवतात आणि पाद्री गाडी उडवतो. ही भक्ती नाही, खंडणी आहे." खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. यातल्या किती जणांनी सामोअन माणूस जवळून पाहिलाय?

मी ऑकलंडला वृद्धाश्रमात नर्स आहे, पाळीत निम्म्या जणी सामोअन. एकीने मला व्हाइट संडेला नेलं होतं. ऑक्टोबरचा दुसरा रविवार, मुलांचा दिवस. पांढरेशुभ्र कपडे घातलेली पोरं बायबलमधली वचनं पाठ म्हणत होती. एक चिमुरडी मध्येच अडली, तर अख्ख्या हॉलने तिला पुढचा शब्द पुरवला. एरवी तिथे मुलं मोठ्यांच्या मागून जेवतात, त्या दिवशी मोठे वाढतात.

नावं वाचतात, खरंय. पण फाइफेआउ, म्हणजे त्यांचा पाद्री, गावानेच बोलावलेला असतो. घर गावाचं, जेवण गावाचं. 1830 साली जॉन विल्यम्स हा मिशनरी सामोआच्या सवाई बेटावर उतरला, त्यानंतर पिढ्यानपिढ्या पोरांना अक्षरओळख झाली ती पाद्र्याच्याच शाळेत. खंडणी म्हणे!

रोखठोक_78
मीच तो. आणि खंडणीच म्हणणार. पाद्र्यांना मिळणाऱ्या 'भेटीं'वर 2018 पासून सरकारने प्राप्तिकर लावला, तेव्हा तिथल्या सगळ्यात मोठ्या काँग्रिगेशनल चर्चने साफ नकार दिला. मच्छीमाराने कर भरायचा आणि देवमाणसाला माफ?

नाव वाचलं की देणं मनापासून राहत नाही. आमच्या सोसायटीत गणपतीच्या वर्गणीचा फलक लिफ्टशेजारी लागतो. मी 501 दिले तर सेक्रेटरी महिनाभर बोलला नाही. आरतीला प्रसाद देतानाही माझ्याकडे बघेना. शिवाय मांडव माझ्याच पार्किंगमध्ये!

उसाचा_रस
म्हणजे राग सेक्रेटरीवर आणि शिव्या सामोआला. छान.

वसईकर_मी
'चर्च', 'चर्च' काय लावलंय? तिथे काँग्रिगेशनल आहेत, कॅथलिक आहेत, मेथडिस्ट, मॉर्मन, अ‍ॅडव्हेंटिस्ट आहेत. आम्हा वसईच्या कॅथलिकांनाही लोक असंच एका पोत्यात भरतात. 2017 ला राज्यघटनेत सामोआ ख्रिस्ती राष्ट्र असल्याचं घातलं, तरी राजधानी अपियाच्या वर टेकडीवर 1984 पासून बहाईंचं मंदिर आहे. त्या वेळचा राष्ट्रप्रमुखच बहाई होता. वाचत जा जरा.

डेकवरचा_काका
अ‍ॅडव्हेंटिस्टांचं नाव निघालंच आहे म्हणून. माझं जहाज अपियाला लागायचं. त्यांचा सब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाची विश्रांती आणि प्रार्थना, शनिवारी. 2011 च्या डिसेंबरात सरकारने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून देश दिनांकरेषेच्या अलीकडे आणला. गुरुवार 29 नंतर थेट शनिवार 31. शुक्रवार गायब! मग सातवा दिवस कुठला? त्यांच्या चर्चने ठरवलं की मोजणी तोडायची नाही, सब्बाथ आता रविवारी. काहींना ते पटलं नाही, ते शनिवार धरून वेगळे झाले. शेजारचं अमेरिकन सामोआ जुन्याच बाजूला राहिलं. त्यामुळे अपियात रविवार आणि तिथल्या पागो पागोत शनिवार असताना दोघं एकाच वेळी प्रार्थनेला बसतात.

रोखठोक_78
शनिवारवाले रविवारी! वा!

भूगोलबाई
काका, अर्धीच गोष्ट सांगताय. सामोआ मुळात आशियाच्याच बाजूला होतं. 1892 मध्ये अमेरिकेशी जुळवून घ्यायला तिथे 4 जुलै दोनदा साजरी झाली. तेव्हा एक दिवस जादा आला, 2011 ला एक गेला. हिशोब फिटला. म्हणजे शनिवार धरून बसलेलेच बरोबर.

डेकवरचा_काका
बाई, सामोआ 172 अंश पश्चिमेला आहे. 180 च्या त्या बाजूला. रेखांश सरकारी हुकमाने हलत नसतो. तोंगातही अ‍ॅडव्हेंटिस्ट याच कारणाने रविवार पाळतात.

भूगोलबाई
आणि 180 ची रेषा बायबलमध्ये कुठे आहे? ग्रिनिच तुमच्या देवाने आखलं का?

डेकवरचा_काका
माझा देव काढू नका. तुम्ही फळ्यावर ती रेषा आखली, मी ती ओलांडून पोट भरलं.

वसईकर_मी
दोघंही शांत व्हा. मूळ प्रश्न पैशांचा होता.

रात्रपाळी_ऑकलंड
धन्यवाद. रोखठोक, कराच्या बाबतीत तुमचं चूक नाही, हे दात-ओठ खात लिहितेय. आणखी एक सांगते, खूश व्हा. माझ्याबरोबरच्या एकीने गावच्या नव्या चर्चच्या बांधकामातला आपला वाटा देण्यासाठी पगारावर कर्ज काढलं. व्याज ऐकून मला घेरी आली. मी बोलले, तर ती म्हणाली, आईची मान खाली गेली असती.

रोखठोक_78
हेच तर म्हणत होतो! आईची मान! आणि तुम्हाला ते गोड वाटतं?

रात्रपाळी_ऑकलंड
गोड नाही वाटत. पण तिचा नवरा गेला तेव्हा दफनाचा खर्च तिच्या अंगावर पडला नाही. चर्चच्या बायका विणलेल्या चटया आणि डबाबंद मासळीची खोकी घेऊन आल्या, आठवडाभर घर हलू दिलं नाही. तेही लिहा पुढच्या पोस्टीत. तुमचा सेक्रेटरी येईल का?

रोखठोक_78
तो मेला तरी मी जाणार नाही. बाकी, चटयांनी व्याज फिटत नाही.

डेकवरचा_काका
पैशांबद्दल माझाही अनुभव. संध्याकाळी एका गावात शंख वाजला, लवालवा, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, नेसलेली पोरं रस्त्यात उभी राहिली, आमची टॅक्सी थांबली. घराघरांत प्रार्थनेची वेळ. ती होईपर्यंत थांबलो, कुणी दमडी मागितली नाही.

उसाचा_रस
वार कुठला होता, काका?

भूगोलबाई
कुठल्या बाजूने मोजून?