सल्ला हवा: लहान मुलांना प्राचीन इतिहास हाताने करून कसा शिकवावा? (सोलापूर)

चौथीची_आई
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतली दुसरी ते पाचवीची सात-आठ मुलं दर शनिवारी आमच्याकडे जमतात. गोष्टी झाल्या, विज्ञानाचे प्रयोग झाले, आता त्यांना 'लई जुना' इतिहास हवाय. दिवाळीत किल्ले करून मुलांचा हात बसलाय, शिवाजी महाराज तोंडपाठ आहेत, पण त्यामागे जायचं म्हटलं की माझंच अडतं. नेटवर पाहावं तर थर्माकोलचे पिरॅमिड आणि सोनेरी मुखवटे. ते करून कपाटावर ठेवायचे, मग पुढे काय? खर्च फार नको, घरात ओव्हन नाही, आणि एकाचं धाकटं भावंडंही सोबत येतं, त्यामुळे ब्लेड-कटर नको.

भुईकोट_कट्टा
किल्ल्यात घेऊन जा की वो! शेजारी सिद्धेश्वराचं देऊळ आहेच. फुकटात इतिहास.

माती_आणि_मुलं
दादा, दोन्ही दाखवावंच, पण ते मध्ययुग झालं. ताईंना त्याच्या कितीतरी आधीचं हवंय.

ताई, मी बरीच वर्षं प्राथमिकला शिकवलं. माझं मत स्पष्ट आहे: प्रतिकृती करायला लावू नका, त्या लोकांनी जे काम केलं ते करायला लावा. हडप्पा संस्कृतीपासून सुरुवात करा, कारण तिथली लिपी अजून कुणालाच वाचता आलेली नाही. म्हणजे बाई आणि मुलं एकाच बाकावर! लेखी उत्तर नाही म्हटल्यावर वस्तूंकडेच बघावं लागतं.

पहिल्यांदा विटा. तिथल्या पक्क्या विटांची जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणात असते. पुठ्ठ्याचा साचा करून २, ४ आणि ८ सेंटिमीटरच्या विटा पाडा. हे प्रमाण का, ते आधी सांगू नका. भिंत रचताना कुणाच्या तरी लक्षात येतंच की दोन विटा शेजारी-शेजारी आडव्या ठेवल्या की एका विटेची लांबी बरोब्बर भरते, म्हणून एक थर उभा, एक आडवा असा सांधा चुकवत रचता येतो. मग शेजारच्या बांधकामावरची वीट पट्टीने मोजायला पाठवा.

दुसरं, वजनं. हे मला सगळ्यांत आवडतं. त्यांची दगडी चौकोनी वजनं १, २, ४, ८, १६ अशी दुपटीने वाढत जातात. आपण चिंचोके घ्यायचे. कापडाच्या पुरचुंड्यांत १, २, ४ आणि ८ चिंचोके बांधा, दोन करवंट्या हँगरला टांगून तराजू करा. मग विचारा, अकरा चिंचोक्यांइतके शेंगदाणे कसे तोलाल? या चार पुरचुंड्यांत १ ते १५ पर्यंतचं काहीही तोलता येतं, हे मुलं स्वतः शोधतात. बाजार मांडायचा, भांडणं होऊ द्यायची. एकाच मापाची वजनं दूरदूरच्या गावांत का सापडली असतील, हा प्रश्न त्या भांडणातूनच निघतो.

तिसरं, मुद्रा. मूळ मुद्रा संगजिऱ्यासारख्या मऊ दगडाच्या, साधारण इंचभर. आपल्याला कपड्याचा साबण आणि बोथट दाभण पुरे. उलटं कोरलं की सुलटं उमटतं, ते ओल्या शाडूवर दाबून बघू द्या.

चौथीची_आई
बाई, चिंचोक्यांचं तर आजच करते! दोन शंका. शाडू आपल्या उन्हात तडकते, त्याचं काय? आणि एक पठ्ठ्या 'ममीच पाहिजे' म्हणून हटून बसलाय.

टकळी
माती उन्हात ठेवूच नका. घरात सावलीला, ओल्या फडक्याखाली सावकाश वाळू द्या.

ममी करा, पण मुखवटा नको. सफरचंदाच्या दोन फोडी घ्या. एक मीठ आणि खायच्या सोड्याच्या मिश्रणात पुरून ठेवा, दुसरी नुसती उघडी. इजिप्तमधला नेट्रॉन हा खार साधारण याच जातीचा, तो शरीरातलं पाणी शोषून घेतो. आठवड्याने दोन्ही फोडी बघा. मात्र हा प्रयोग पावसाळ्यात करा. आपल्या मे महिन्यात उघडी फोडही सांडग्यासारखी खडखडीत वाळेल आणि फरकच दिसणार नाही! (झालंच तसं, तर तेही सांगा: इजिप्तमधले सगळ्यांत जुने मृतदेह गरम वाळूत असे आपसूकच वाळले होते.)

आता माझा हट्ट. सोलापुरात राहून कापड सोडायचं? मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला, तोही मंजिष्ठेने रंगवलेला. मातीची भोक पाडलेली चकती करा, काडीत बसवा, झाली टकळी. कापसाचा एक हातभर धागा काढून दाखवा म्हणावं. पाच मिनिटांत मुलांना कळतं की चादरीत किती हात राबलेत. मग पुठ्ठ्याला खाचा पाडून उभे धागे ताणायचे आणि आडवा धागा घालायचा.

आणि सहल काढायची तर तेरला. सातवाहन काळात ते तगर म्हणून व्यापारात गाजलेलं होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून भडोचला कापड जात असल्याची नोंद आहे, तेही गाड्यांतून. तिथल्या लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती आणि मणी आहेत. गाव गोरोबाकाकांचं, म्हणजे मातीशी नातं तेव्हापासून आजवर. निघण्याआधी सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या.

माती_आणि_मुलं
टकळीताईंशी सहमत. फक्त तेरला नेण्याआधी घरी एकदा मणी आणि मातीच्या चकत्या करून घ्या. हाताने केलेलं असलं की मुलं काचेला नाक लावून बघतात, नाहीतर डबा कधी उघडायचा एवढंच विचारतात.

चौथीची_आई
ठरलं. या शनिवारी साबण, पुढच्या शनिवारी बाजार, तेर परीक्षेनंतर. साबण कुठला घेऊ, जुनी वडी चालेल?

माती_आणि_मुलं
नवीच घ्या. वाळलेली वडी कोरताना टवका उडतो. खाली वर्तमानपत्र पसरा, भुगा धुण्याला वापरता येतो.