शब्दचर्चा: ‘ब्राउनफील्ड’ आणि ‘लँडस्केप-लेड’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादक, पुणे
जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या फिनिक्स तलावावरचा एक लेख मराठीत करतेय. शहराच्या होर्डे भागात १८४१ पासून पोलादाचा कारखाना होता, तो २००१ मध्ये बंद झाला. यंत्रं एका चिनी पोलाद कंपनीनं घेतली, सुटी केली आणि जहाजानं नेली. उरलेल्या जागेत आधी २४ हेक्टरचा तलाव खोदला, कारखान्याखालच्या नळांतून वाहणारी एम्शर नदी वर आणली, मग काठानं घरं आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. दोन ठिकाणी अडलेय. एक, अशा बंद कारखान्याच्या जमिनीला, म्हणजे ‘ब्राउनफील्ड’ला, शब्द. ‘तपकिरी क्षेत्र’ लिहिलं तर वाचक मातीचा रंग शोधत बसतील. दोन, ‘लँडस्केप-लेड’, म्हणजे आधी जमीन-पाणी बघून मग बांधकाम ठरवणारी आखणी.

वाचक, डोंबिवली
सरळ ‘पुनर्विकास’ लिहा की. सगळ्यांना कळतं.

लालबागचा एक
कळतं, पण भलतंच कळतं. मुंबईत पुनर्विकास म्हणजे चाळ पाडून टॉवर. गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं आठवा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता: जमिनीची साधारण तीन भागांत वाटणी, एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती आली आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या तुकड्यापुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती दुरुस्ती उचलून धरली. लोअर परळलाही फिनिक्सच होती, तिचा मॉल झाला. नाव एक, नशीब वेगळं. त्यामुळे डॉर्टमुंडला हा शब्द चिकटवू नका. आणि जमिनीला वेगळा शब्द हवाच कशाला? आम्ही ‘बंद गिरणीची जागा’ म्हणतो, तुम्ही ‘बंद कारखान्याची जागा’ म्हणा.

निवृत्त तलाठी, सातारा
‘पडीक’ का नको? पिकाच्या नोंदीत चालू पड, कायम पड हे शब्द कायमचेच. कारखाना बंद, जमीन पड.

डॉर्टमुंडहून
काका, इकडेही नेमकं तेच आहे! जर्मनमध्ये अशा जागेला ‘इंडुस्ट्रीब्राखे’ म्हणतात आणि ‘ब्राखे’ हा शेतकऱ्याचाच शब्द, न पेरता सोडलेली जमीन. ‘औद्योगिक पड’ लिहिलंत तर ‘ब्राउनफील्ड’पेक्षाही जर्मन शब्दाच्या जवळ जाईल.

अनुवादक, पुणे
शब्द आवडला, पण शंका आहे. पड टाकली की जमिनीचा कस वाढतो. इथे तर उलट, मातीत दीडशे वर्षांचा कारखान्याचा कचरा मुरलेला.

निवृत्त तलाठी, सातारा
मग ‘पोटखराबा’ घ्या. सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य क्षेत्राला तोच शब्द आहे. इथे खराबी खरोखरच पोटात. (गंमत केली. महसुलात त्याला ठरलेला अर्थ आहे, वर्ग अ आणि वर्ग ब, लेखात उगाच घोळ होईल. ‘औद्योगिक पड’च ठेवा आणि पहिल्या वापराला एक वाक्य समजावून सांगा.)

नगररचना शिकवणारा, नागपूर
आता दुसरा शब्द, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘भूदृश्य-आधारित’ कृपा करून नको. भूदृश्य म्हणजे डोळ्यांना दिसतं ते. बिल्डरच्या जाहिरातीतलं ‘लँडस्केपिंग’ही तसंच: हिरवळ, कारंजं, दोन पाम. फिनिक्स तलावाचं वेगळेपण दिसण्यात नाही. कोळशाच्या खाणींमुळे तिथली जमीन खचायची, भुयारी गटारं फुटली असती, म्हणून एम्शरच उघडं गटार केली. खाणी उत्तरेकडे सरकल्यावर नदीला समांतर सांडपाण्याचा नळ जमिनीखाली घालता आला, आणि २०२१ अखेर नदीत सांडपाणी सोडणं थांबलं. तलावात एम्शरचं पाणी एरवी जात नाही. पूर आला की जादा पाणी तिथे वळतं. म्हणजे आधी पाण्याची वाट ठरली, रस्ते आणि प्लॉट नंतर. याला मी वर्गात ‘जमिनीच्या कलानं घेतलेली रचना’ म्हणतो. कल म्हणजे उतार, आणि कलानं घेणं म्हणजे त्याच्या मनाप्रमाणे. दोन्ही अर्थ लागू.

लालबागचा एक
वा! पण काठच्या घरांच्या किमती कुणाच्या कलानं?

डॉर्टमुंडहून
रास्त टोला. काठावर महागडी घरं आणि थोडं मागे जुनी कामगार वस्ती, हा फरक होर्डेत चालतानाच दिसतो. लेखात तो असेल तर ‘कायापालट’सारखा शब्द टाळा, त्यात सगळंच बदलल्याचा आव आहे. आणि मूळ लेखात पाणी भरायला सुरुवात झाल्याची तारीख १ ऑक्टोबर २०१० आहे ना, तेवढी तपासा. खोदाई त्याआधी कित्येक वर्षं चालू होती, मराठीत ‘तलाव २०१० मध्ये खोदला’ असं होऊ देऊ नका.

अनुवादक, पुणे
तारीख तीच आहे, बघते. ‘औद्योगिक पड’ नक्की. ‘जमिनीच्या कलानं’ मजकुरात वापरते, शीर्षकात लांब होतंय. तीन-चार शब्दांत बसणारं काही सुचलं तर शुक्रवारपर्यंत कळवा, लेख तेव्हा द्यायचाय.