मुलीला वर्गात पॅनिक अटॅक येतात, त्या वेळी नेमकं काय करायचं?

निळी_शाई

मुलगी १२ वर्षांची आहे. वर्गात किंवा लिफ्टमध्ये एकदम छाती धडधडायला लागते, हातांना मुंग्या येतात, "श्वास पुरत नाहीये, मी मरणार" म्हणते. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं नॉर्मल, पॅनिक अटॅक आहेत असं निदान. थेरपिस्टची वेळ मिळायला अजून अवकाश आहे. तोवर तीन प्रश्न:

१. अटॅक चालू असताना काय बोलायचं? "दीर्घ श्वास घे" म्हटलं की उलट वाढतं.
२. शाळेतून फोन आला की आणायला जायचं का?
३. बोटाला ऑक्सिमीटर लावून ९९ दाखवलं की तेवढ्यापुरती शांत होते. हे चालू ठेवलं तर चालेल ना?

अर्धविराम

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

"दीर्घ श्वास घे" म्हटल्यावर वाढणारच. त्या वेळी तिला हवा कमी पडत नसते, ती गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असते. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं आणि त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात त्या यामुळे. जास्त झालं तर बोटं आखडून एकमेकांना चिकटतात, आणि ते पाहून घरातलेच जास्त घाबरतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं. ऑक्सिजन मात्र पुरेसा असतो. अशात आणखी मोठे श्वास घ्यायला लावले की तेच चक्र जोरात फिरतं.

म्हणून सुरुवात श्वास सोडण्यापासून करा. ओठ चंबू करून हळू फुंकायचं, समोर मेणबत्ती आहे आणि ज्योत विझू न देता नुसती हलवायची आहे असं समजून. मग नाकाने छोटा श्वास, मनात ३ आकडे. सोडताना ६. मध्ये श्वास रोखायचा नाही. तुम्ही तिच्या समोर, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून स्वतः तसं करा, ऐकू येईल असं. तिला "कर, कर" म्हणू नका. आकड्यांनी चिडचिड होत असेल तर आकडे सोडून द्या, लांब उच्छ्वास तेवढा राहू दे. दोन-तीन मिनिटांत मुंग्या कमी व्हायला लागतात.

बोलणं एकाच माणसाने करायचं, तेही थोडं: "हा पॅनिक आहे. त्रास होतोय, पण धोका नाही. उतरेल." मग गप्प. "काय झालं? कुणी काही बोललं का? डबा खाल्लास का?" ही सरबत्ती बंद. "काही नाही झालंय, उगाच घाबरतेस" तर अजिबात नको, कारण तिला ते सगळं खरोखर होत असतं. मिठी मारण्याआधी विचारा. काही मुलांना त्या क्षणी स्पर्शाने जास्त गुदमरतं.

कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावायचा जुना उपाय करू नका. खरं कारण दमा किंवा हृदयाचं निघालं, तर त्यात ऑक्सिजन खरोखर खाली जातो.

अटॅक साधारण १० मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि बहुतेक वेळा २०-३० मिनिटांत ओसरतो. नंतर थकवा, रडू येणं हे स्वाभाविक. आणि हा श्वास रोज शांत असताना पाच-पाच मिनिटं दोनदा घोटून घ्या. ऐन अटॅकमध्ये पहिल्यांदा शिकवलेली गोष्ट कुणालाच जमत नाही.

तिठा

अर्धविराम यांच्याशी सहमत, एक मुद्दा सोडून. श्वास "अटॅक थांबवायला" वापरायचा नाही. नाहीतर मुलगी सतत तपासत बसते, थांबला का, अजून का थांबत नाही, आणि त्यानेच भीती वाढते. तिला सांगायचं की लाट येणार, चढणार, उतरणार. श्वास फक्त तोवर टिकून राहायला.

आता ऑक्सिमीटर. एकदा दाखवलात ते ठीक, माहिती मिळाली. पण दर वेळी दाखवलात तर "मी वाचले, कारण मशीन होतं" असा हिशेब डोक्यात पक्का होतो. पाण्याची ठरावीक बाटली, हातातला फोन, स्वतःची नाडी चाचपत राहणं, सगळं याच जातीचं. शिवाय बोटं गार पडली, हात थरथरत असला किंवा नखाला नेलपॉलिश असलं की ऑक्सिमीटर खोटाच आकडा दाखवू शकतो. ऐन अटॅकमध्ये ९१ दिसलं तर पुढचं सांगायला नको. एकदम काढून घेऊ नका. आधी "पाच मिनिटांनी बघू", मग "ओसरल्यावर एकदाच", मग घरातच ठेवून जायचं.

शाळा हा खरा कळीचा प्रश्न आहे. अटॅक तसाही अर्ध्या तासात उतरणार असतो. नेमका तेव्हाच तुम्ही दारात उभे राहिलात, तर उतरण्याचं श्रेय मेंदू घरी जाण्याला देतो. पुढच्या वेळी वर्गात बसल्या बसल्याच "मला घरी जायचंय" सुरू होतं. म्हणून तिच्यासमोर, शांत वेळी, शाळेशी ठरवा: वर्गाबाहेर एक ठरलेली जागा, १० मिनिटं, सोबत एकच मोठं माणूस आणि मग त्याच तासाला परत. तास संपल्यावर नव्हे, त्याच तासाला. फोन आलाच तर बोला, पण "येते" म्हणू नका. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांची 'स्पेस' नावाची पद्धत आहे, तिच्यात पालकांच्या वाक्याचे दोन भाग असतात, स्वीकार आणि विश्वास: "खूप भीती वाटतेय हे कळतंय मला, आणि तू यातून निभावशील याची खात्री आहे." एकच भाग बोललात तर काम होत नाही. नुसता स्वीकार म्हणजे कीव आणि नुसता विश्वास म्हणजे टोमणा वाटतो.

लिफ्टसाठी पायऱ्या करा. दार उघडं ठेवून आत अर्धा मिनिट उभं राहणं. तुमच्यासोबत एक मजला. तोच मजला लागोपाठ पाच-सहा वेळा. मग ती एकटी, तुम्ही वरच्या दाराशी. मग गर्दीच्या वेळी. प्रत्येक पायरीआधी विचारा, "काय होईल असं वाटतंय?" ते तिच्या शब्दांत लिहून ठेवा आणि नंतर "तसं झालं का?" हेही तिनेच लिहायचं. भीती १० पैकी ८ असताना बाहेर पडलं तर धडा उलटा मिळतो, त्यामुळे पायरीच एवढी लहान निवडा की ती थांबू शकेल. जमलं नाही तर पायरी निम्मी करायची, सोडायची नाही. आठवड्यातून एकदा करून उपयोग नाही, जवळजवळ रोज हवं.

कानोसा

तपासण्या नॉर्मल आहेत हे चांगलं, तरी एक लक्षात ठेवा. अटॅक नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल असला म्हणजे ठोक्यांचा विकार नाहीच, असं ठरत नाही. एसव्हीटीमध्ये (हृदयाचे ठोके अचानक खूप वेगाने पडण्याचा विकार) धडधड बटण दाबल्यासारखी एका ठोक्यात सुरू होते आणि तशीच एकदम थांबते. पॅनिकमध्ये चढते आणि हळूहळू उतरते. १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा, एकदाच, तिच्या नकळत. (तिठा रागावतील, पण हे डॉक्टरांना सांगायला आहे, तिला दाखवायला नाही.) शांत बसलेल्या मुलीची १८०च्या वर किंवा मोजता येऊ नये इतकी वेगवान असेल तर थेट दवाखान्यात, धडधड चालू असतानाच ईसीजी व्हायला हवा.

धावताना छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं, ओठ निळसर होणं, हाक मारल्यावर भान नसणं, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज किंवा रात्रीचा खोकला, यातलं काहीही असेल तर पॅनिक म्हणून सोडून देऊ नका. स्वतःला इजा करण्याचं बोलली तर वेळेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

दम्याचा सॅल्ब्युटामॉल पंप, सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, एनर्जी ड्रिंक, कॉफी, सगळ्यांनी धडधड वाढते. पंप डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, फक्त कधी घेतला त्याची वेळ लिहून ठेवा.

निळी_शाई

आभार. वर्गातच बेशुद्ध पडेन, ही तिची सगळ्यात मोठी भीती आहे. आणि बाईंना नेमकं काय लिहून देऊ?

तिठा

बेशुद्ध पडताना रक्तदाब खाली जातो. पॅनिकमध्ये तो उलट थोडा वर असतो. त्यामुळे निव्वळ पॅनिकमध्ये पडणं दुर्मिळ. रक्त किंवा सुई पाहून येणारी चक्कर वेगळी, तिथे रक्तदाब खरंच उतरतो. हे तिला आकृती काढून समजवा, १२व्या वर्षी छान कळतं.

पुढे थेरपिस्ट मुद्दाम गरगरवतील, म्हणजे फिरत्या खुर्चीत मिनिटभर फिरवणं, जागच्या जागी धावायला लावणं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावणं. ऐकायला विचित्र वाटतं, पण गरगरणं म्हणजे पडणं नव्हे हे शरीराला त्यातूनच कळतं. घरी आपल्या मनाने सुरू करू नका, दमा किंवा फिट्स असतील तर मुळीच नको.

बाईंसाठी एवढं पुरे:

"तिने टेबलावर निळं कार्ड ठेवलं तर काही न विचारता बाहेर जाऊ द्यावं. सोबत एकच व्यक्ती. दहा मिनिटांनी परत वर्गात. परतल्यावर 'बरी आहेस ना?' असं सर्वांसमोर विचारू नये, पान क्रमांक सांगावा. शुद्ध हरपली, ओठ निळे पडले किंवा अर्ध्या तासात उतार नसेल तर वैद्यकीय मदत बोलवावी आणि आम्हाला फोन करावा."

अर्धविराम

कार्ड दिवसाला किती वेळा, हेही आधीच ठरवा. सुरुवातीला दोनदा, जमायला लागलं की एकदा. नाहीतर गणिताचा तास कायम बाहेरच जाईल.